विजयमालाबाईंचे ग्रीक ठसे

आठवीच्या वर्गात विजयमालाबाई रणदिवे फळ्यावर ‘टेलिफोन’ लिहायच्या आणि मधोमध एक उभी रेघ मारून त्याचे दोन तुकडे करायच्या. रेघ मारताना खडू बहुतेक वेळा मोडायचा, कारण तोवर त्यांचा राग हातात उतरलेला असायचा. राग शब्दावर नव्हता, समोरच्या पोरापोरींवर होता. सगळी पेनं उघडून, माना खाली घालून, हुकमाची वाट बघत बसलेली.

“टेले मतलब दूर. फोन मतलब आवाज. दोनों ग्रीक शब्द हैं. दूर की आवाज. समझे? अब स्कोप मतलब देखना. तो टेलिस्कोप क्या हुआ?”

वर्गात चिडीचूप. मग मागच्या बाकावरून एक नम्र आवाज यायचा, “मैडम, मीनिंग लिखवा दीजिए.”

हे ‘मीनिंग लिखवा दीजिए’ विजयमालाबाईंना शिवीसारखं लागायचं. जयपूरच्या बनी पार्कातली ती खाजगी शाळा हिंदी माध्यमाची. इंग्रजीची दहशत सगळ्यांनाच. शाळेच्या फाटकाबाहेर स्टेशनरीच्या दुकानात एक पिवळं गाइड मिळायचं, त्यात ‘महत्त्वाचे शब्द’ ओळीनं छापलेले, आणि पोरं ते देवळातल्या आरतीसारखे घोकायची. टेलिस्कोप म्हणजे दूरबीन हे गाइडमध्ये असायचंच. मग त्याचे तुकडे कशाला करायचे? विजयमालाबाई सांगायच्या, अरे, तुकडे कळले तर पन्नास शब्द फुकटात मिळतील, घोकायला नकोत! पण पोरांना पन्नास शब्द नको होते. त्यांना परीक्षेतले दहा हवे होते. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते कोल्हापूरला, कॉलेजात. तिथले एक म्हातारे प्राध्यापक कुठलाही इंग्रजी शब्द दिला की भुईमुगाची शेंग फोडावी तसा फोडून दाणे हातावर ठेवायचे. हिप्पो म्हणजे घोडा, पोटॅमस म्हणजे नदी. तर हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा. वर्ग हसायचा. विजयमाला मात्र घरी येऊन दिसेल तो शब्द फोडत बसायची. थर्मामीटर, फोटोग्राफ, मायक्रोस्कोप. ज्या इंग्रजीला आजवर घाबरत आलो ती आतून अशी साधी, लहान लहान तुकड्यांची, हे कळल्यावर तिला जो आनंद झाला होता तसा पुढं फारशा कशाचा झाला नाही. लग्नाचाही नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या, आणि तेही विलासरावांच्या देखत.

विलासराव बँकेत अधिकारी. स्वभावानं गरीब, पण नोकरी बदलीची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. भोपाळ, राजकोट, रायपूर, आणि आता जयपूर. प्रत्येक गावी विजयमालाबाई एखादी शाळा गाठायच्या, तात्पुरती नोकरी मिळवायच्या, आणि वर्षदीड वर्षात दोनचार पोरांना शब्द फोडायची गोडी लागते न लागते तोच बँकेतून कागद यायचा. मग पुन्हा खोकी, पुन्हा सुतळ्या, पुन्हा नव्या गावात दूधवाला शोधण्यापासून सुरुवात. बदलीवाल्याच्या बायकोची कुठल्याच गावाला आठवण राहत नाही. रायपूरला त्यांनी एका रिकाम्या तासाला हौसेनं हे शिकवायला सुरुवात केली होती. त्या गेल्यावर त्या तासाला शिवण सुरू झालं, हे त्यांना कुणाच्या तरी पत्रातून कळलं. तो घाव अजून भरला नव्हता.

जयपुरात मात्र नशिबानं मुक्काम लांबला. पाचवं वर्ष चालू होतं, सन पंच्याऐंशी. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात बदली ठरलेलीच. विजयमालाबाईंनी मनाशी गाठ बांधली: या गावातून जाण्याआधी आपली पद्धत या शाळेत रुजवायची. आपण गेल्यावरही आठवीला आठवड्यातून एक तास शब्द फोडायचा व्हायला हवा. आपल्या नावानं नसला तरी चालेल, पण व्हायला हवा. आयुष्यात एका तरी गावात मागं काही राहायला हवं!

घरात या बेताचं कौतुक बेताचंच होतं. विलासरावांना मधुमेह. एकदा जेवताना त्यांनी श्रीखंडाकडं हात नेला तशी बाई म्हणाल्या, “डायबिटीसमधलं ‘डाया’ म्हणजे आरपार. माहितीय? आरपार वाहून जाणारा रोग.”

“अगं, जेवू दे की निवांत. रोग आहे तो आहे, त्याचं बारसं कशाला रोज?”

कॉलेजात जाणारी विभा तर कानावर हातच ठेवायची. बदलीच्या गावांत वाढलेली पोरगी, मराठी बोलताना दर दोन वाक्यांमागं हिंदीची कुबडी घेणारी. “आई, मतलब तू माझ्या मैत्रिणींसमोर नको ना हे सांगू. परवा तू रश्मीला टेलिव्हिजनचं सांगितलंस ना, ती अजून हसते.”

टेलिव्हिजनचं त्यांनी सांगितलं होतं ते असं, की यातलं टेले ग्रीक आणि व्हिजन लॅटिन, म्हणजे हा आंतरजातीय विवाह आहे, आणि पोरगं बघा कसं घराघरात जाऊन बसलंय. यात हसण्यासारखं काय होतं हे विजयमालाबाईंना खरंच कळलं नव्हतं. म्हणजे हसायचं होतंच, पण शब्दावर. पोरगी हसली ती त्यांच्यावर.

हेडमास्तर द्वारकाप्रसादजी भला माणूस. कुणालाच नाही म्हणायचे नाहीत आणि कुणाचंच काही करायचे नाहीत. विजयमालाबाई वेगळ्या तासाचं बोलायला गेल्या की ते चहा मागवायचे.

“मैडम, ग्रीक बहुत ऊँची चीज है. मगर सिलेबस में कहाँ है?”

“सर, ग्रीक नहीं सिखाना है. अंग्रेजी ही सिखानी है, ग्रीक के रास्ते.”

“रास्ता लंबा नहीं हो जाएगा?”

पावसाळाभर हेच चाललं. बिस्किटं संपायची, चहा संपायचा, विषय तिथंच. शेवटी बाईंनी हट्टच धरला तेव्हा द्वारकाप्रसादजींनी एक तोड काढली. डिसेंबरात शाळेचं वार्षिक संमेलन. संचालक मंडळी येणार, पालक येणार. त्यात मैडमनी वीस मिनिटं आपली पद्धत करून दाखवावी. मंडळींना पसंत पडली तर पुढच्या सालापासून आठवीला तास. “मैं वचन देता हूँ,” ते म्हणाले. वचन द्यायला त्यांचं काय जात होतं?

आता नुसता फळा आणि खडू घेऊन संमेलनात उभं राहिलं तर लोक शेंगदाणे खात गप्पा मारतील, हे विजयमालाबाईंना पक्कं ठाऊक होतं. काहीतरी डोळ्यांना दिसणारं हवं. ते त्यांना सुचलं जयपूरजवळच्या बगरू गावी, कापडछपाईवाल्यांच्या गल्लीत. बँकेतल्या कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाच्या चादरी घ्यायला त्या तिथं गेल्या होत्या. छपाईवाला लांब टेबलावर कापड ताणून बसला होता. एक ठसा उचलायचा, रंगात टेकवायचा, कापडावर ठेवून वरून मुठीचा दणका. मग त्याच फुलाला दुसऱ्या ठशानं देठ, तिसऱ्यानं पान. ठसे मोजकेच, पण मांडणी बदलली की चादर नवी. विजयमालाबाई बघतच राहिल्या. हेच तर आपण पोरांना सांगतो! टेले हा एक ठसा, ग्राफ हा दुसरा. ऑटोला ग्राफ जोडला की ऑटोग्राफ, स्वतः लिहिलेलं. फोटोला जोडला की प्रकाशानं लिहिलेलं. बायोला जोडला तर जीवनाविषयी लिहिलेलं. तुकडे तेच, मांडणी नवी.

त्याच गल्लीत ठसे कोरणारे नाथूलालजी होते. पांढऱ्या मिशा, कानात अत्तराचा बोळा. बाईंनी त्यांना सांगितलं, इंग्रजी अक्षरांचे डझनभर ठसे हवेत. नाथूलालजी म्हणाले, “बाईसा, फूल-पत्ती हो, हाथी हो, अक्षर हो, लकड़ी के लिए सब एक है. आप कागज पर लिख के भेज दो.”

इथून पुढं जे झालं त्याला ‘अति शहाणा त्याचा बैल रिकामा’ म्हणतात. आणि इथं अति शहाणे दोन होते.

विजयमालाबाई हुशार. ठसा कापडावर उलटा उमटतो, म्हणजे लाकडावर अक्षरं उलटी हवीत, हे त्यांच्या तत्काळ लक्षात आलं. आता ते नाथूलालजींना समजावून सांगावं, तर त्यांनी मनात म्हटलं, फुलंपानं कोरणारा माणूस, इंग्रजीचं अक्षर ओळखत नाही, याला काय कळणार? त्यापेक्षा आपणच उलटं लिहून द्यावं. एका रविवारी दुपारी त्या आरशासमोर बसल्या आणि आरशात सुलटं दिसेल असं एकेक अक्षर ठळक, उलटं लिहिलं. मान अवघडली. विभा म्हणाली, “आई, मतलब आता आरशातसुद्धा ग्रीक?” पण बाईंनी काम पुरं केलं आणि कागद बगरूला पोचता केला. सोबत एका शब्दाची सूचना नाही.

तिकडं नाथूलालजीही हुशार. जयपूरच्या व्यापाऱ्यांना पोत्यांवर मारायला नावाचे ठसे त्यांनी जन्मभर कोरून दिलेले. अक्षर आलं की उलटवायचं, हे त्यांच्या हाताला पाठ. बाईंचा कागद आल्यावर त्यांनी मनात म्हटलं, शिकलेले लोक नेहमी सुलटंच लिहून पाठवतात, बिचाऱ्यांना काय ठाऊक लाकडाचं! त्यांनी पांढऱ्या रंगाचा हात दिलेल्या लाकडावर कागद पालथा ठेवला आणि उलट्याचं उलटं करून टाकलं. एक शब्द न विचारता. उपकार केल्याच्या समाधानानं.

ठसे आले ते संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी, पोत्यात गुंडाळून, बसच्या कंडक्टरबरोबर. शिसवीचं लाकूड, घासून गुळगुळीत, प्रत्येकाला धरायला मूठ. विजयमालाबाईंनी एक हातात घेतला. त्यावर लख्ख वाचता येत होतं, ऑटो. दुसरा, ग्राफ. तिसरा, टेले. किती सुरेख, किती स्पष्ट! त्यांनी विलासरावांना हाक मारून दाखवले. त्यांनीही वाचले, मान डोलावली. ठसा सुलटा वाचता येतोय म्हणजे छाप उलटा उमटणार, एवढी साधी गोष्ट, जिच्यासाठी एक अख्खी दुपार आरशापुढं घालवली होती, ती आनंदाच्या भरात त्यांच्या डोक्यातून साफ उडाली. रंग सांडेल म्हणून एकदा छापून बघायचंही राहिलं.

संमेलनाला मांडव भरला होता. पहिल्या रांगेत संचालक मंडळाचे अध्यक्ष, जौहरी बाजारातले एक सेठजी, गळ्यात झेंडूचा हार. स्टेजवर टेबलाला पांढरं कापड ताणून बसवलेलं, बाजूला लाल रंगाची थाळी. विजयमालाबाईंनी माइकवर टेले, ऑटो, ग्राफचा अर्थ सांगितला. लोक ऐकत होते! त्यांनी जयंतीला पुढं बोलावलं. जयंती मीणा ही आठवीतली एक अबोल पोर, वडील रेल्वेत. तासाला कधी हात वर करायची नाही, पण तिचा हात स्थिर होता, म्हणून छपाईला तिला निवडलेलं. तिनं ऑटोचा ठसा रंगात टेकवला, कापडावर ठेवला आणि वरून दणका दिला. शेजारी ग्राफ. ठसा उचलला.

मोठी, कॅपिटल अक्षरं होती ती. ऑटोची चारही अक्षरं इंग्रजीत दोन्हीकडून सारखीच दिसणारी, त्यामुळं ती फक्त मागची पुढं झाली. मांडवातून कुणीतरी खणखणीत वाचलं, “ओटुआ!” आणि सगळा मांडव फुटला. ग्राफ तर कुणाला वाचताच येईना.

जयंतीनं घाबरून टेले मारला. तोही उलटा. फोनचा ठसा बाईंनी स्वतःच थाळीत बुडवून मारला. उलटा. विजयमालाबाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. कोणावर चिडावं? नाथूलालजींवर? लोकांवर? आपल्यावर? त्यांनी माइक धरला आणि म्हणाल्या, “देखिए, यह उलटा छप गया है, मगर बात यह है कि...” पण ओटुआपुढं बात कोण ऐकतो. मागच्या रांगांत पोरं एकमेकांना ओटुआ म्हणून चिडवायला लागली होती.

तेवढ्यात द्वारकाप्रसादजी धावून आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी तातडीनं केलं. माइक घेऊन म्हणाले, “देवियो और सज्जनो, हमारी मैडम महाराष्ट्र की होकर भी बच्चों को राजस्थान की छपाई-कला सिखा रही हैं. जोरदार तालियाँ!”

टाळ्या पडल्या. सेठजी उठून स्टेजवर आले, कापड बोटांनी चाचपलं, म्हणाले, “वाह! बगरू का काम. बच्चों के हाथ में हुनर आना चाहिए.” आणि तिथल्या तिथं जाहीर करून टाकलं, पुढच्या महिन्यापासून शाळेत छपाईचा तास, शनिवारी. रंगकापडाचा खर्च मंडळ करील. मैडम शिकवतील.

विजयमालाबाई स्टेजवर लाल हातांनी उभ्या. करायला गेलो एक आणि झालं भलतंच! कार्यक्रम संपल्यावर त्या हेडमास्तरांच्या खोलीत गेल्या आणि जवळजवळ ओरडल्याच, “सर, मैंने छपाई का पीरियड नहीं माँगा था!”

“मैडम, सब खुश हैं. सेठजी खुश हैं. आप ही क्यों दुखी हैं?” असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

घरी आल्यावर विलासरावांनी स्टोव्ह पेटवला. हात धुवायला साबण दिला, कढत पाणी दिलं. लाल रंग नखांतून जाईना. बाई न्हाणीघरात उभ्या राहून रडल्या, आणि रडताना त्यांना सगळ्यात जास्त राग याचा आला, की लोकांनी त्यांची पद्धत नाकारली असती तरी चाललं असतं. कुणी ती नाकारलीसुद्धा नव्हती. कुणाला ती दिसलीच नव्हती.

शनिवारचा तास त्यांनी घेतला. नाही म्हटलं असतं तर तोही गेला असता. त्यांचा डाव असा, की पोरांचे हात रंगात गुंतले की कानात ग्रीक ओतायचं. छापता छापता त्या बोलत राहायच्या: मायक्रो म्हणजे सूक्ष्म, बायो म्हणजे जीवन, अँटी म्हणजे विरुद्ध, पॉली म्हणजे पुष्कळ. पोरं ‘हाँ मैडम’ म्हणायची आणि ‘मैडम, हरा रंग खत्म’ म्हणायची. ठसे त्यांनी वेलबुट्टीच्या जागी वापरायला घेतले होते. उलट्या ऑटोची किनार रुमालाला छान दिसते, असं सगळ्यांचं मत पडलं. सेठजींच्या पेढीत त्या किनारीचा टेबलक्लॉथ गेला. जयंती खाली मान घालून सरळ रेषेत छापत राहायची, वर बघायचीसुद्धा नाही. विजयमालाबाईंना वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय. भिंतीला निदान प्रतिध्वनी असतो.

एप्रिलात कागद आला. कोइमतूर.

शाळेनं निरोपसमारंभ केला. भाषणं झाली. ‘हमारी छपाई वाली मैडम’ असा त्यांचा गौरव झाला, आणि पोरांनी छापलेली एक चादर भेट दिली. चहूबाजूंनी ओटुआ, ओटुआ, ओटुआ. विजयमालाबाईंनी ती घडी उलगडलीसुद्धा नाही. घरी येऊन म्हणाल्या, “सामानाला गुंडाळा ती. ट्रंकेखाली घाला.”

“असं कसं? पोरांनी केलंय प्रेमानं.”

“प्रेम नकोय मला! पाच वर्षं घसा फोडला. एका तरी पोराला एक तरी शब्द आपणहून फोडता येतो का विचारा. एकाला. मग ठेवते उराशी.”

विलासरावांनी सुतळी ओढून गाठ मारली.

निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक सकाळीच गेला होता. दुपारच्या गाडीला तिघं निघणार. ऑटो दारात उभा. ऑटोचा अर्थ ‘आपोआप’ असला तरी हा आपोआप सुरू होईना. ड्रायव्हर दांडा ओढून ओढून घामाघूम झाला होता. विभा एका पिशवीवर बसलेली, विलासराव घड्याळ बघत होते. आणि गल्लीच्या टोकाकडून जयंती पळत आली. केस सुटलेले, धाप लागलेली. बाईंना वाटलं, पाया पडायला आली असेल.

“मैडम, एक बात पूछनी थी.” तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “दादी को निमोनिया हुआ है. परसों डॉक्टर साहब ने बोला, एंटीबायोटिक दे रहे हैं. मैडम, आपने बताया था एंटी मतलब खिलाफ. और बायो मतलब जीवन.”

“हाँ, तो?”

“तो जीवन के खिलाफ दवा? दादी को?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मूठ उघडली. घामानं ओल्या तळहातावर लालकाळ्या कॅप्सूल. “मैंने छुपा दी. कल से एक भी नहीं दी. पापा ड्यूटी पर हैं, उनको लगता है दादी खा रही हैं.”

पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायलाही विजयमालाबाईंना पुढं लाज वाटली: त्यांना आनंद झाला. लख्ख, पोटातून उसळलेला आनंद. या पोरीनं शब्द फोडला! कुणी न सांगता, गाइडात न बघता, आपणहून! आणि दुसऱ्याच क्षणी त्या आनंदाच्या अंगावर काटा आला. पोरगी फोडून थांबली होती. पुढचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शब्द फोडला की अर्थ हातात येतो, एवढंच आपण पाच वर्षं ओरडून सांगितलं. कधीकधी तुकडे खरे असतात आणि जोडलेला अर्थ फसवा निघतो, हे सांगायला तास उरला नव्हता. की सुचलंच नव्हतं?

“दादी कैसी है?” त्यांनी विचारलं.

“सुबह से बोल नहीं रहीं. शरीर तप रहा है.”

“अहो, ही पिशवी धरा,” म्हणत विजयमालाबाई ऑटोत चढल्या आणि जयंतीला ओढून शेजारी बसवलं. नेमका त्याच वेळी ऑटो सुरू झाला. “भैया, पहले रेलवे क्वार्टर!”

“अगं, गाडी!” विलासराव मागं धावले. “गाडी चुकेल की!”

“चुकू दे!”

क्वार्टरमध्ये खाटेवर म्हातारी वाळल्या पानासारखी पडली होती. विजयमालाबाईंनी तिला उठवून बसवलं, शेजारणीकडून पाणी आणवलं, कॅप्सूल गिळवली. शेजारणीला डॉक्टरकडं पिटाळलं आणि बजावलं, कालपासून दवा चुकली आहे हे नीट सांग, लपवू नको. मग त्या जमिनीवर बसल्या. जयंती दाराला टेकून उभी होती, चोरासारखी.

“इकडं ये,” त्या चक्क मराठीत म्हणाल्या, मग भानावर आल्या. “सुन. तूने शब्द ठीक तोड़ा. बिलकुल ठीक तोड़ा. बायो मतलब जीवन, सही है. मगर किसका जीवन? बीमारी के जो छोटे-छोटे जंतु हैं न, उनका भी जीवन होता है. यह दवा उनके खिलाफ है, दादी के नहीं. समझी? शब्द सिर्फ आधी बात बताता है. बाकी आधी पूछनी पड़ती है.”

जयंतीनं मान हलवली. मग म्हणाली, “इसलिए तो पूछने आई थी, मैडम.”

डॉक्टर आले. नाडी पाहिली, इंजेक्शन दिलं, जयंतीवर जरा खेकसले, म्हणाले, वेळेत कळलं, होईल बरी. दारात ऑटोचा भोंगा वाजत होता. विलासराव आणि विभा सायकलरिक्षानं मागोमाग येऊन पोचले होते आणि गल्लीत उन्हात उभे होते. विलासरावांचा चेहरा लाल झाला होता, पण आत डोकावून म्हातारीला बघितल्यावर त्यांनी नुसता कपाळाचा घाम पुसला. एवढंच म्हणाले, “गाडी लेट आहे म्हणतात. धावलो तर मिळेल.”

विजयमालाबाई उठल्या. जयंतीनं वाकून पायाला हात लावला आणि सरळ होताच विचारलं, “मैडम, और निमोनिया? वो कहाँ से टूटता है?”

बाईंचं तोंड उघडलं. न्यूमॉन म्हणजे फुप्फुस, हे जिभेवर आलं होतं. पण त्याच्या मागून दुसरे हजार शब्द दिसले, या पोरीला पुढं रस्त्यावर, दुकानात, दवाखान्यात भेटणारे, एकेक करून फुटणारे, आणि बाकीची अर्धी गोष्ट विचारायला जवळ कुणी नसणारे. त्यांना इतका संताप आला की डोळे भरून आले. बँकेचा, शाळेचा, ओटुआचा, आणि या पोरीचाही, जी इतके दिवस खाली मान घालून सगळं ऐकत होती आणि एका अक्षरानं बोलली नव्हती.

“बोलली का नाहीस गं कधी तासाला?” त्या म्हणाल्या. पुन्हा मराठीतच.

जयंतीला शब्द कळले नसावेत, पण प्रश्न कळला.

“आप इतने गुस्से में रहती थीं, मैडम,” ती म्हणाली. “डर लगता था.”